धाकट्याबरोबर चालताना

आमच्या धाकट्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसायला लागला, तेव्हा आईला वाटलं मळ आहे. रोज आंघोळीच्या वेळी ती बेसन लावून मान घासायची. तो ओरडायचा, मान लाल व्हायची, पट्टा मात्र तसाच. बाबांची चेन्नईला बदली होऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे इथल्या घामाला आणि उन्हाला बोल लावणं सोपं होतं. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि सांगितलं, हा मळ नव्हे. मखमलीसारखी जाडसर, काळवंडलेली ही त्वचा म्हणजे शरीरात इन्सुलिन वाढल्याची खूण. तिला अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. वजन वाढतं तशा शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. घासून हे जात नाही. वजन आटोक्यात आलं, की हळूहळू फिकं होतं.

तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. उंची १४० सेंटिमीटर, वजन ५० किलो. मी बावीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना आई गप्प होती, बाबा रिपोर्टांची फाइल चाळत होते, आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत एकच प्रश्न होता: मी काय केलं?

त्याने काही केलं नव्हतं. एवढं समजायला मला बरेच महिने लागले.

ज्या शहरात आम्ही राहतो, त्याने मुलांच्या पोटाची काळजी फार आधीपासून घेतली आहे. १९२० साली तेव्हाच्या मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना दुपारचं खाणं द्यायचं ठरवलं. खर्चाची मर्यादा होती मुलामागे दिवसाला १ आणा. पुढे मुख्यमंत्री कामराज यांनी ही कल्पना राज्यभर नेली, नंतरचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ती आणखी वाढवली, आणि २०२२च्या सप्टेंबरपासून तमिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांत सकाळी उपमा, पोंगल, खिचडीही मिळू लागली. उपाशी मूल शिकू शकत नाही, ही गोष्ट या राज्याला लवकर उमगली. आणि याच शहरात आज दुसऱ्या टोकाचं दुखणं अनेक घरांत आहे.

मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने चेन्नईतल्या ६ ते १७ वर्षांच्या १८,९५५ मुलामुलींची पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय निकष लावला, तर खासगी शाळांतली २१.४ टक्के मुलं जादा वजनाची किंवा लठ्ठ निघाली, सरकारी शाळांतली फक्त ३.६ टक्के. त्याच मुलांना भारतीय मुलांसाठी बेतलेला निकष लावल्यावर आकडे वाढून २६.४ आणि ४.६ झाले. हा दुसरा निकष पुण्याचा आहे. डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी भारतीय मुलांच्या वाढीचे जे तक्ते तयार केले, त्यांचं नाव चेन्नईच्या या पाहणीत घेतलेलं आहे. आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५चा तक्ता होता, तोही डॉ. खाडिलकरांच्याच पुढाकारातून आलेला. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. मोठ्या माणसाचा बीएमआय २३ म्हणजे जादा वजन आणि २७ म्हणजे लठ्ठपणा, असं धरून त्यात प्रत्येक वयासाठी रेषा आखल्या आहेत. पाश्चात्त्य देशांत हीच मर्यादा २५ आणि ३० आहे.

आपल्यासाठी रेषा खाली का ओढायची? याचंही उत्तर पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली आणि त्यांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं वजनाने बरीच हलकी होती, स्नायू कमी होते, पण त्या मानाने चरबी मात्र टिकून होती. बाळ दिसायला किडकिडीत, आत चरबी. २००४ मध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्यामुळे 'आपल्याकडची मुलं गुटगुटीतच असतात' किंवा 'उंची वाढली की आपोआप उतरेल' या वाक्यांवर विसंबून राहू नये. घरात वजनकाटा नसला तरी चालेल. शिवणाची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली.

चेन्नईला या लपलेल्या चरबीची झळ आधीच बसलेली आहे. शहरातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण १९८९ मध्ये ८.३ टक्के होतं, २००४पर्यंत ते १४.३वर गेलं. पूर्वी पन्नाशीत गाठणारा आजार आता तिशीतही गाठतो, आणि त्याची पायाभरणी शाळेच्या वयात होते.

हे सगळं वाचून मी पेटून उठले, आणि पहिले तीन महिने चुकीच्या वाटेने गेले. दर रविवारी सकाळी त्याला काट्यावर उभं करायचं आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा, असा नेम मी सुरू केला. उतरला तर हिरव्या पेनाने, चढला तर लाल. घरी येणारा प्रत्येक माणूस ते कॅलेंडर पाहायचा. लाल आकड्यांच्या दिवशी धाकटा जेवताना मान वर करायचा नाही, आणि रात्री फ्रिज उघडल्याचा आवाज यायचा. शाळेत मुलं त्याला 'गुंडू' म्हणायची. तमिळमध्ये जाड्याला गुंडू म्हणतात. घरी मी ते लाल पेनाने लिहीत होते, एवढाच फरक.

मुलाच्या वजनाबद्दल बोलणं आणि मुलाच्या खाण्याबद्दल बोलणं, यांत मोठं अंतर आहे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत वजनावर, जाडीवर बोलणं व्हायचं, तिथली मुलं उपाशी राहणं, लपून खाणं, अघोरी डाएट करणं अशा गोष्टींकडे जास्त वळलेली दिसली. ज्या घरांत बोलणं फक्त चांगल्या खाण्यापुरतं होतं, तिथे हे प्रमाण कमी होतं. चिडवल्याने कुणी बारीक झालेलं नाही. चिडवलेलं मूल मैदानावर जायचं थांबतं, कारण तिथेच त्याला सगळे बघतात.

कॅलेंडर मी फाडलं. आणि एक हिशेब करून पाहिला, जो डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता, पण घाबरल्यामुळे आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन उतरवायचं नसतं, बहुतेक वेळा ते थोपवून धरलं तरी पुरतं. १४० सेंटिमीटर आणि ५० किलो म्हणजे बीएमआय २५.५. तेच ५० किलो राहिले आणि उंची १५० झाली, की बीएमआय २२.२वर येतो. एक ग्रॅमही न उतरता. उंची हे निसर्गाने मुलाच्या हाती दिलेलं भांडवल आहे. मोठ्यांसारखं डाएट करायला लावलं, तर त्या भांडवलालाच धक्का लागतो, कारण हाडं आणि स्नायू वाढायच्या दिवसांत प्रथिनं, कॅल्शियम, लोह कमी पडून चालत नाही.

मग थोरल्या भावंडाने करायचं काय? लिओनार्ड एप्स्टाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लठ्ठ मुलांच्या कुटुंबांवर दीर्घकाळ काम केलं. १९९० मध्ये त्याने दहा वर्षांनंतरचे निकाल मांडले. एका गटात मूल आणि पालक दोघांनाही सवयी बदलायला लावल्या होत्या, दुसऱ्यात फक्त मुलाला, तिसऱ्यात दोघांपैकी कुणाच्याच वजनावर खास भर नव्हता. उंचीच्या मानाने मुलाचं वजन किती टक्के जादा आहे, हे त्याने मोजलं. दहा वर्षांनी पहिल्या गटात हे प्रमाण सरासरी साडेसात अंकांनी उतरलेलं होतं. दुसऱ्यात ते साडेचारने चढलं होतं, तिसऱ्यात चौदाने. म्हणजे मुलाला एकट्याला पथ्यावर बसवलं, तर काही काळाने सगळं मूळपदावर येतं. घर बदललं तर टिकतं.

भावंडाचं वजन यात वेगळंच आहे. फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावात तीन दशकं चाललेल्या नोंदींवरून २००७ मध्ये एक गोष्ट पुढे आली: एक प्रौढ भावंड लठ्ठ झालं, तर दुसऱ्याची लठ्ठ होण्याची शक्यता ४० टक्क्यांनी वाढते. नवराबायकोत ती ३७ टक्के होती. २०१४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना दोन मुलांच्या घरांत असं दिसलं, की एका मुलाच्या लठ्ठपणाचा संबंध आईबापांपेक्षा दुसऱ्या भावंडाशी जास्त घट्ट आहे. आईबाप सांगतात, भावंडं एकमेकांचं बघून करतात. धाकटं मूल थोरल्याच्या ताटाकडे, मोबाइलकडे, झोपायच्या वेळेकडे सतत बघत असतं. मी रात्री साडेअकरा वाजता ऑफिसचं काम करताना बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट उघडत होते, आणि सकाळी त्याला उपदेश करत होते. आधी ते पाकीट बंद झालं. त्याला काहीच सांगावं लागलं नाही. एकदा त्याने विचारलं, "ताई, तू आता रात्री खात नाहीस?" मी नाही म्हटलं, एवढंच.

खाण्याचा प्रश्न चेन्नईत कसा आहे, ते इथल्या स्वयंपाकघरात बघितल्याशिवाय कळत नाही. इथे वाटेत कुणी भेटलं, की आधी विचारतात, "साप्टाचा?" म्हणजे जेवण झालं का. अगदी आपल्या 'जेवलास का?'सारखं. या मायेत मुलाच्या ताटात एक डाव जास्तच पडतो. इथल्या जेवणात भात तीनदा येतो: आधी सांबारबरोबर, मग रसमबरोबर, शेवटी दह्याबरोबर. वर आमच्या घरची वरणभाताची सवय. मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांच्या देशव्यापी पाहणीत दिसलं, की भारतीयांना मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि त्यांत पांढरा तांदूळ, मैदा, साखर यांचा मोठा वाटा आहे. आमच्या घरी भात बंद झाला नाही. मधली रसमची फेरी आम्ही वाटीत नेली: भाताशिवाय, सूपसारखी. पोरियल, म्हणजे खोबरं घालून परतलेली भाजी, दोन चमच्यांऐवजी वाटीभर आली. कीरै, म्हणजे पालेभाजी, आठवड्यातून तीनदा. हे पदार्थ इथल्या ताटात आधीपासूनच आहेत, फक्त कोपऱ्यात पडलेले असतात.

इडलीवर उगाच राग काढू नये. वाफवलेली आणि आंबवलेली, ती चांगलीच. सहा इडल्या तेलात कालवलेल्या पोडीबरोबर, म्हणजे चटणीपुडीबरोबर, संपतात आणि सांबाराची वाटी तशीच उरते, तिथे चुकतं. तीन इडल्या आणि भाज्या घातलेलं दाट सांबार हा उत्तम नाश्ता आहे. त्याहून मला आवडते ती अडई. तांदळाबरोबर तीनचार डाळी भिजवून, भरड वाटून घातलेला हा जाड डोसा म्हणजे आपल्या थालीपिठाचा चुलतभाऊ. दोन अडयांत धाकट्याचं पोट दुपारपर्यंत भरलेलं राहतं, कारण डाळीतली प्रथिनं पोटात जास्त वेळ टिकतात.

खरा घात पेयांनी होतो. गोड शीतपेयात १०० मिलीलीटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलीची बाटली संपवली, की २५ ग्रॅमहून जास्त साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसभरात शक्यतो एवढ्यावरच थांबायला सांगते. शिवाय पातळ साखरेने भूक भागत नाही, बाटलीनंतर मूल जेवतं तेवढंच जेवतं. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींचंही तसंच. पौष्टिक म्हणून आपण आणतो, आणि डब्याच्या मागे साखरेचा आकडा वाचत नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक'ची व्याख्याच नाही. आमच्याकडे आता फ्रिजमध्ये मोर असतं: कढीपत्ता, आलं, हिंग घातलेलं पातळ ताक. चेन्नईच्या मे महिन्यात त्यासारखं दुसरं काही नाही. कोल्ड्रिंक घरात आणायचं नाही, हा नियम सगळ्यांना आहे, बाबांनाही. वाढदिवसाला बाहेर प्यायलं तर त्यावर एक शब्द बोलायचा नाही, हाही नियमच.

शाळेचं काय? केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांप्रमाणे जादा चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. २०२५च्या मेमध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, कोणत्या पदार्थात किती साखर आहे ते मुलांना दिसावं म्हणून. तुमच्या मुलाच्या शाळेत असा फलक आहे का, हे पालकसभेत नक्की विचारा. फाटकाबाहेरची बेकरी आणि तिथले पफ मात्र ५१व्या मीटरवर असतात, तिथे नियम पोचत नाही. डबा पोचतो. आमच्या डब्यात उकडलेले शेंगदाणे, अंडं, पेरू असं काहीतरी ठरलेलं असतं, आणि ते त्याने निवडायचं असतं.

हालचालीची अडचण इथे हवेमुळे वाढते. मार्चपासून दुपारी बाहेर पडवत नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस. शाळा सुटली की ट्यूशन, ट्यूशन सुटेपर्यंत अंधार. शाळकरी मुलाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या धाकट्याला त्याच्या निम्मीही मिळत नव्हती. आम्ही संध्याकाळचा एक तास ट्यूशनवाल्या सरांकडून मागून घेतला, आणि आठवड्यातले चार दिवस बेसंट नगरच्या एलियट्स बीचवर जायला लागलो. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि शहराचा ताप उतरतो, त्या वेळी. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने चालण्यासाठी ८ किलोमीटरचे मार्ग आखले, चेन्नईतला मार्ग बेसंट नगरलाच आहे. पहिल्या दिवशी धाकटा सातशे-आठशे पावलांत थांबला, म्हणाला पाय दुखतात, आणि वाळूत बसला. मीही बसले. जाड मुलाच्या गुडघ्यांवर आणि मांड्यांवर खरोखर ताण येतो, मांड्या घासून सोलवटतात, ते नाटक नसतं. त्याला मांड्या झाकणारी ढगळ अर्धी चड्डी आणि बरे बूट घेतले, आणि ओल्या वाळूवरून, लाटांच्या कडेने चालायला लागलो. तिथे तो खेकड्यांमागे पळायचा आणि पळतोय हे त्याला कळायचं नाही.

चालून झाल्यावर खायचं काय, यावर आमचं एकदा भांडण झालं. गाडीवर मिरचीभजी तळली जात असते, तिला इथे मिळगाय बज्जी म्हणतात. तिचा वास वाऱ्यावर दूरवर येतो. शेजारीच सुंडलवाला उभा असतो: उकडलेले वाटाणे, वर किसलेलं ओलं खोबरं आणि कैरीचे तुकडे, 'तेंगा मांगा पट्टाणी सुंडल'. गरम, आंबट-खारट, कागदाच्या पुड्यात. धाकटा बज्जीच हवी म्हणून हटून बसला. मी एक बज्जी आणि दोन सुंडल घेतले, बज्जी दोघांत अर्धी-अर्धी केली. त्यानंतर तो स्वतःच सुंडलकडे वळू लागला, कारण कैरीचे तुकडे त्याला जास्त आवडले. ज्या गोष्टीला आपण कायमचं 'नाही' म्हणतो, ती मुलाच्या मनात मोठी होत जाते.

झोपेबद्दल थोडक्यात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, त्यापुढे आठ ते दहा. झोप कमी पडली की भूक वाढते, आणि ती गोड-तळलेल्याचीच वाढते. आमच्याकडे साडेनऊनंतर सगळ्यांचे फोन दिवाणखान्यातल्या टोपलीत जातात, माझाही. जेवताना टीव्ही बंद असतो, कारण पडद्यासमोर पोट भरल्याचं कळत नाही.

काही खुणा घरगुती उपायांच्या पलीकडच्या असतात, त्या लक्षात ठेवा. मूल वजनाने भारी पण उंचीला वयाच्या मानाने खुजं असेल, तर थायरॉइड किंवा इतर संप्रेरकं तपासायला हवीत, कारण साध्या खाण्यापिण्यातून लठ्ठ झालेली मुलं सहसा उंचही असतात. झोपेत मोठ्याने घोरणं, श्वास अडखळणं, दिवसा पेंगणं; मुलीची पाळी फार अनियमित होणं; मानेवर किंवा काखेत काळे पट्टे; लंगडणं किंवा कंबर-गुडघा सतत दुखणं. यांपैकी काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि वजन उतरवणाऱ्या पावडरी, चहा, काढे मुलाला देऊ नका, कुणीही सांगितले तरी.

आता तो तेरा वर्षांचा आहे. या पोंगलच्या सणाला आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून त्याची उंची मोजली, १५१ सेंटिमीटर भरली. वजन ५२ किलो. मानेवरचा पट्टा पुसट झालाय, पण अजून दिसतो. आई आता तो घासत नाही.